पुलावरची वीस मिनिटं

सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी एक जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यातले महिने संपून काही वर्षं झाली, पण चित्रासाठी ते कुणी उतरवलेलं नाही. चित्रात चीनमधली ली नदी आहे. हिरवट संथ पाणी, काठावर उभे सुळके आणि बांबूच्या तराफ्यावर एक कोळी, सोबत त्याचा पाणकावळा. वाशीम तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडम नद्यांचा धडा आला की याच चित्राकडे बोट दाखवतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपली नदी अशी काहून नाही?"

मॅडमनी उलट विचारलं, "आपली नदी पाहिली कोणी कोणी?"

३८ मुलांच्या वर्गात नऊ हात वर झाले. त्यातल्या तिघांनी ती एसटीच्या खिडकीतून पाहिली होती.

सहलीचं ठिकाण त्या तासाला ठरलं. पण ठिकाण ठरल्यापासून सहल ठरेपर्यंत महिना-दीड महिना जातो. एवढ्या दिवसांत मॅडमच्या वहीची अकरा पानं भरली.

या भागातल्या शाळांच्या सहली बहुधा शेगाव, सिंदखेडराजा, लोणार अशा निघतात. एका दिवसात जितकी ठिकाणं बसतील तितकी बसवायची, ही पद्धत. मग मुलांचा निम्मा दिवस गाडीत जातो आणि उरलेला रांगेत. मॅडमनी नकाशा वेगळ्या रीतीनं मांडला. आधी नदीची रेघ काढली, मग तिच्या आजूबाजूला काय येतं ते पाहिलं. पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते आणि पुढे वाशीम आणि हिंगोली जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. वाशीम, रिसोड, लोणार, सुलतानपूर, मेहकर, मालेगाव आणि परत वाशीम असं वर्तुळ काढलं तर नदी दोनदा ओलांडावी लागते. एकाच दिवसात एकच नदी दोन ठिकाणी, आणि मधे लोणारचं सरोवर. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच होतं.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा जिल्हा. पण पैनगंगेची सीमा त्याहून फार जुनी. इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड नदीच्या अलीकडे आणि निजामाचा मुलूख पलीकडे. काठापलीकडच्या भागाला जुनी माणसं मोगलाई म्हणत. मुलांना हे पुलावर उभं करून सांगायचं, असं वहीत लिहिलं आहे आणि त्यापुढे लाल पेन्सिलीनं '२० मिनिटं'.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मॅडम आणि त्यांचे यजमान मोटरसायकलवर पाहणीला निघाले. खरं नियोजन त्या दिवशी झालं. कुठे किती वेळ लागतो हे फोनवरचा नकाशा सांगतो, पण तो मोटारीचा वेळ असतो. मुलांनी भरलेली लाल परी, रस्त्यात आडवी आलेली ऊसगाडी, पहिल्या तासातच उलटी होणारी दोन-तीन मुलं, हे सगळं धरून त्यांनी प्रत्येक टप्प्याला पाव तास वाढवून लिहिला.

शिवाय त्या दिवशी कुठल्याच नकाशावर नसलेली एक गोष्ट त्यांनी नोंदवत नेली, ती म्हणजे मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे. वर्गात २१ मुली. बसस्थानकावर एकाच वेळी एवढ्या जणी उतरल्या तर अर्धा तास तिथेच जातो, आणि दाराला कडी नसेल तर मुली जातच नाहीत, दिवसभर पाणी पिणं टाळतात. म्हणून मॅडमनी वाटेवरच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, "सर, आमच्या मुली दहा मिनिटं थांबल्या तर चालेल का?" दोघांनीही होकार दिला. पहिला थांबा त्यामुळे चार किलोमीटर अलीकडे सरकला आणि नाश्ताही त्याच शाळेच्या ओट्यावर ठरला. सहल आखणाऱ्यानं सगळ्यात आधी हाच कागद करावा, प्रेक्षणीय स्थळांची यादी नंतर केली तरी चालते.

गाडीचं काम त्यामानानं सरळ असतं, पण त्यात घाई चालत नाही. वाशीम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा ही जिल्ह्यातली चार आगारं, सगळी अकोला विभागाखाली. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक आगारापुढे शाळांचे अर्ज असतात. शाळेचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी देऊन प्रासंगिक करारावर गाडी घ्यायची, शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. भाडं किलोमीटरवर असतं, आणि ते शाळेपासून नव्हे तर गाडी आगारातून निघाल्यापासून आगारात परत जाईपर्यंतचं. ही गोष्ट नव्या शिक्षकांना हिशेब चुकल्यावर कळते. गाडीत जागा ४४. मुलं ३८, शिक्षक चार, उरलेल्या दोन जागांवर शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन आया.

परवानगीच्या फाइलीत समितीचा ठराव, पालकांची संमतीपत्रं, वेळापत्रक आणि शिक्षकांचं हमीपत्र. त्यात एक अट मॅडमनी स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली आहे: कोणीही पाण्यात उतरणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची मुलं बुडाली. त्यानंतर पाण्याजवळची सहल म्हटलं की शाळा कचरतात, आणि ते योग्यच आहे. पैनगंगेचा धोका तर डोळ्यांना दिसणाराही नाही. पावसाळा संपल्यावर बॅरेजची दारं लावली की मागे पाणी तुंबतं. डिसेंबरात ते तळ्यासारखं स्वस्थ दिसतं, वर आभाळ उमटतं, आणि खाली दोन पुरुष खोल असतं. ज्या मुलाला पोहता येतं असं त्याच्या घरचे सांगतात, त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं, हेही वहीत आहे.

तिकडे ली नदीवरही सहलीचं वेळापत्रक पाणीच ठरवतं. ग्वीलिन ते यांगश्वो हा ८३ किलोमीटरचा जलप्रवास, बोटीला चार-पाच तास लागतात. वाटेतला एक देखावा चीनच्या २० युआनच्या नोटेवर छापलेला आहे. उन्हाळ्याच्या तोंडी पावसानं नदी फार चढली की बोटी थांबवतात, हिवाळ्यात पाणी उतरलं की मार्ग आखूड करतात. जिथे जगभरातून माणसं येतात तिथेही कुठल्या महिन्यात किती पाणी, हा प्रश्न पहिला.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी लोणारसाठी राखून ठेवलं आहे. ली नदीकाठचा दगड चुनखडीचा. पावसाच्या पाण्यात तो लाखो वर्षं विरघळत राहिला आणि उरले ते सुळके. आपला दगड काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो विरघळत नाही. थराथरानं झिजतो, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. त्याच बेसाल्टमध्ये उल्का आदळून लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं ते खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विवराच्या काठावर मुलांना ओळीनं बसवायचं आणि पायाखालचा दगड हातात घ्यायला लावायचा. खाली उतरायचं नाही, कारण चढून येताना लागणारा वेळ मॅडमनी स्वतः मोजला आहे.

जेवण डब्याचं. पालकसभेत एका आजीनं विचारलं, "पोळी भिजते डब्यात, दशम्या देऊ का?" दूध घालून मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, असं सर्वानुमते ठरलं. ताक आणि वरण कुणी द्यायचं नाही, ते गाडीत सांडतं. वर्गणी कमी ठेवली होती, तरी चार घरांनी मान खाली घातली. सोयाबीनला यंदा भाव नाही, हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. मॅडमनी त्या चार नावांपुढे काही न विचारता टिक केली आणि पैसे शिक्षकांनी आपसांत भरले. एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "नदीच पाह्याची त मंग लोणारले कायले नेसान?" त्यांना वर्तुळाचा नकाशा दाखवला तेव्हा ते खाली बसले, आणि नंतर जवळ येऊन म्हणाले की मेहकरचा पूल त्यांनी लहानपणी पायी ओलांडला आहे.

परतीची वाट मेहकर ते मालेगाव. या बाजूच्या उंचवट्यावर पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. उत्तरेच्या उतारावरचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेत आणि तापीतून अरबी समुद्रात, दक्षिणेचं पैनगंगेतून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. दोन शेजारच्या छपरांवरच्या पागोळ्या दोन समुद्रांना मिळतात. हे चालत्या गाडीत सांगायचं, कारण तोवर सूर्य खाली गेलेला असेल. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात रस्त्याकडेला मुलं उतरवायची नाहीत.

सहलीच्या आदल्या दिवशी मॅडम वेळापत्रक घेऊन आगारात गेल्या. गाडीवर जाणारे चालक काका तिथेच भेटले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि लाल पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

"मॅडम, पुलावर गाडी नाही उभी करता येत. मागून ट्रक येतेत. पूल संपला की उजव्या अंगाला मोकळी जागा हाय, तिथं लावतो."

"मग मुलांना चालत मागं आणावं लागेल?"

"पुलावर नका आणू. लेकरं कठड्यावर वाकतेत. त्या जागेवरूनच नदी दिसते, वळण बी दिसते. उलट चांगली दिसते."

मॅडमनी तिथेच बाकावर बसून 'पुलावर' खोडलं आणि 'पुलापलीकडे' लिहिलं. गाडी लावायला आणि मुलं उतरवायला आणखी दहा मिनिटं लागणार होती. ती लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या वेळातून काढली. वीस मिनिटं तशीच ठेवली.