वळूच्या रेताचा नमुना व त्याची जपणूक

गेल्या श्रावणांत आमच्या परिचयाच्या एका गांवीं गाई वारंवार उलटूं लागल्या. दोष अर्थातच गांवच्या खिलार वळूच्या माथीं आला. त्याच्या रेताचा नमुना बाटलींत घालून दुचाकीवरून प्रयोगशाळेकडे पाठविण्यांत आला. "शुक्रजंतु बहुतेक मृत, शेपट्या वळलेल्या" असा निकाल आला, आणि वळू बाजारांत काढण्याची तयारी झाली. सुदैवानें एका जाणत्या पशुवैद्यानें बाटलीची चौकशी केली. ती साध्या पाण्यानें विसळून ओलीच वापरली होती!

चांगल्या वळूच्या एका वेळच्या रेताचें माप सुमारें ५ मिलिलिटर भरतें, आणि दर मिलिलिटरांत १०० कोटींच्या आसपास शुक्रजंतु असतात. हा पदार्थ जिवंत आहे, हें विसरतां कामा नये. साधें पाणी शुक्रजंतूच्या अंगांत शिरतें व त्याची शेपटी वेटोळी होते. पाहणारास ती जन्मजात व्यंगासारखीच दिसते. एकाएकीं थंडी लागली तरीही तो मरतो, आणि उन्हांत ठेवलेल्या बाटलीबद्दल तर बोलावयासच नको. आमचे बांधव दुधाच्या चरवीची जेवढी काळजी घेतात, तिच्या निम्मी या बाटलीची घेतली तरी पुष्कळ काम होईल.

तपासणींत मुख्य प्रश्न दोन असतात: जंतु जिवंत किती, व सुघड किती. या दोहोंसाठीं नमुन्याची तजवीज मात्र अगदीं निराळी करावी लागते. पहिल्या प्रश्नाचें उत्तर गोठ्यापाशींच मिळवावें लागतें. ३७ अंश सेल्सिअस इतक्या कोमट कांचपट्टीवर रेताचा लहानसा थेंब घेऊन त्यांत इओसिन व निग्रोसिन यांचें मिश्रण कालवितात, लागलीच पातळ पसरतात आणि झटपट वाळवितात. जिवंत जंतूचें आवरण इओसिनला आंत येऊं देत नाहीं, म्हणून तो पांढरा राहतो. मेलेला गुलाबी होतो. निग्रोसिन केवळ काळसर पार्श्वभूमि देतें. पट्टी एकदां नीट वाळली कीं मग तिला घाई नाहीं. ओलाव्यापासून मात्र जपावें. कोंकणांतील आषाढांत ती उघडी ठेवणें म्हणजे केलेलें काम धुऊन टाकणें होय.

आकार पाहण्यासाठीं फॉर्मालिन मिसळलेलें मिठाचें द्रावण पशुवैद्याकडून आधींच लहान बाटलींत भरून घ्यावें. त्यांत रेताचे मोजके थेंब, द्रावण किंचित् धुरकट दिसेल इतकेच, सोडावेत. जास्त घातल्यास जंतूंची दाटी होऊन मोजणी अवघड होते. यांत शुक्रजंतु मरतात खरे, परंतु ज्या आकारांत होते त्याच आकारांत थिजतात व नमुना कित्येक दिवस टिकतो. अशा बाटलीवरून "जिवंत किती?" असें विचारणें मात्र व्यर्थ आहे, तेथें सारेच मृत! जंतूंची हालचालही तेथल्या तेथें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून टिपून ठेवावी.

वळूची खूण, दिनांक व रेत घेतल्याची वेळ प्रत्येक बाटलीवर व पट्टीवर शिसपेन्सिलीनें लिहावी, कारण शाई स्पिरिटानें पुसली जाते. रेत घेण्याचें काम पशुवैद्याचें. परंतु बाटली कोरडी आहे कीं नाहीं, सावली व कोमट पाणी तयार आहे कीं नाहीं, हें मालकानेंच पाहावें. रेतकेंद्रांतील वळूंची तपासणी केंद्रांतच होते. गांवच्या वळूची काळजी घेण्यास मालकाशिवाय दुसरें कोण आहे?

उपरोक्त वळूचा दुसरा नमुना वरील रीतीनें घेतला. शेपट्या सरळ निघाल्या, परंतु बऱ्याच जंतूंचीं डोकीं बेढब होतीं. शंभरांत निदान ७० तरी सुघड असावेत अशी अपेक्षा असते. तितके ते भरले नाहींत. विचारपूस करतां आषाढांत त्यास तिवा होऊन मोठा ज्वर येऊन गेल्याचें समजलें. शुक्रजंतु तयार होऊन बाहेर पडण्यास वळूच्या शरीरांत सुमारें दोन महिने लागतात, त्यामुळें ज्वराची खूण इतके दिवस मागें राहते. म्हणजे वळू अगदीं निर्दोष नव्हता, आणि कायमचा निकामीही नव्हता. त्यास विश्रांति दिली. मार्गशीर्षांतील तिसऱ्या नमुन्यांत डोकीं बहुतेक सुघड आढळलीं, आणि वळू पुन्हां कामास लागला.