निकामी सेलचा वाली कोण?

भिंतीवरच्या घड्याळातील सेल संपला, की तो केराच्या डब्यात जातो. इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली, की भंगारवाल्याशी तिच्या भावाची घासाघीस सुरू होते. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीतील कोणत्याही घरात दिसणाऱ्या या दोन व्यवहारांतच प्रश्नाचे मूळ आहे. ज्या वस्तूला मोल आहे तिला गिऱ्हाईक मिळते. जिला मोल नाही ती कचऱ्यात जाते.

मोठ्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि ते वितळवून पुन्हा वापरता येते; म्हणून तिला भाव. परंतु ती कोठे व कशी फोडली जाते, यावर पुढील सारे अवलंबून असते. सेनेगलमध्ये डाकारनजीकच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे उघड्यावर काढले जात असे. तेथे २००७-०८ मध्ये शिशाच्या विषबाधेने १८ बालके दगावली. तेव्हा चार पैसे अधिक देणाऱ्या अनोळखी भंगारवाल्यापेक्षा, नवी बॅटरी देताना जुनी रीतसर परत घेणारा विक्रेता केव्हाही बरा.

लहान सेलांची स्थिती याहून निराळी. त्यांत जस्त, मँगनीज, काहींत निकेल, कॅडमियम वा लिथियम असते. पण एकट्या सेलचे मोल इतके अल्प, की त्याला कोणी विचारीत नाही. भ्रमणध्वनीतील लिथियमची बॅटरी तर कचऱ्याच्या गाडीत चिरडली गेल्यास पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या आगी आणि धूर म्हणजे काय, हे आधारवाडीच्या परिसरातील कल्याणकरांना वेगळे सांगावयास नको. ती क्षेपणभूमी २०२१ मध्ये आणि ठाण्याची दिवा येथील क्षेपणभूमी २०२३ मध्ये बंद झाली; कचरा मात्र बंद झालेला नाही.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. २००१ चे नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या, त्या गोळा करून पुनर्वापरास देण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आणि त्या पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली. घरच्या कचऱ्यापासून त्या वेगळ्या ठेवणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरले. उणीव आहे ती घर आणि संकलन केंद्र यांना जोडणाऱ्या दुव्याची.

हा दुवा शाळा, कार्यालये आणि गृहनिर्माण संस्था सहज होऊ शकतात. त्यासाठी झाकणाची एक कोरडी प्लॅस्टिकची बरणी पुरे. बटनासारख्या व लिथियमच्या सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी बरणीत न टाकता वेगळी ठेवावी, ती टोचू वा दाबू नये. बरणी भरली की ती अधिकृत केंद्राकडे पोचवावी. मात्र हे केंद्र कोठे आहे, हे नागरिकाला शोधत फिरावे लागता कामा नये. महापालिकांनी त्याचा पत्ता प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर ठळकपणे लिहावा, आणि उत्पादकांनी सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात तो परत घेण्याची सोय करावी.