यात्रेच्या मुक्कामातील कौटुंबिक खेळ

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास निपाणी, चिकोडी, कागल व कोल्हापूर या भागांतील असंख्य कुटुंबे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे निघतात. पूर्वी हा प्रवास बैलगाडीने होत असे. आता एस.टी., ट्रक व ट्रॅक्टर आले. तथापि डोंगरावर पोचल्यानंतरचा मुक्काम पुष्कळसा पूर्वीसारखाच असतो. मोकळ्या जागी ताडपत्री ताणावयाची, तीन दगडांची चूल मांडावयाची, आणि स्नान, नैवेद्य, दर्शन यांमधून उरलेला वेळ एकत्र घालवावयाचा, असा हा क्रम होय.

हा उरलेला वेळ थोडा नसतो. मोठी माणसे स्वयंपाकात वा दर्शनाच्या रांगेत गुंतली की मुले कंटाळतात, वाहनांच्या मागेपुढे फिरू लागतात, आणि गर्दीत एखादे मूल चुकते. अशा वेळी ‘इथेच बसा’ ही ताकीद फार वेळ टिकत नाही. मुलांना एका जागी ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे खेळ, आणि त्यातही घरातील एक वडीलधारे माणूस ज्यात भाग घेते असा खेळ. राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी मुले गोल उभी राहतात, तेव्हाच त्यांची मोजदाद करून घ्यावी. डाव संपल्यावर पुन्हा करावी. मोजले जात आहे हे मुलांच्या ध्यानीही येत नाही.

मुक्कामाच्या जागी कोणता खेळ घ्यावा, याचा विचार मात्र आधी व्हावयास हवा. विटीदांडू हा या भागाचा जुना व आवडता खेळ. परंतु उडालेली विटी डोळ्याला लागण्याचे भय असल्यामुळे तंबूंच्या दाटीत तो मुळीच खेळू नये. पीक निघालेले मोकळे रान हीच त्याची जागा. लपंडाव अनोळखी गर्दीत नको. पळापळीचे खेळ चूल आणि ताडपत्रीचे ताणे यांपासून चांगले वीस-पंचवीस पावले दूर घ्यावेत.

लगोरी या जागेला चांगली मानवते. सात चपटे दगड तेथेच मिळतात. चेंडू मात्र रबरी वा कातडी नसावा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेला चेंडू पुरे, कारण तो लागला तरी इजा होत नाही व फार दूर घरंगळत जात नाही. एका पक्षाने दगडांची उतरंड फोडावयाची व ती पुन्हा रचावयाची; दुसऱ्याने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करावयाचे. कुटुंबात खेळताना दोन सवलती ठेवाव्यात. चेंडू कमरेखालीच मारावा, आणि प्रत्येक पक्षातील एका वृद्ध व्यक्तीस उतरंडीजवळ बसू द्यावे. त्या व्यक्तीस बाद करता येत नाही, पण ती रचण्यास हात लावू शकते. आजीबाईंचा हात थरथरतो हे खरे. तरी धावत येणाऱ्या दहा वर्षांच्या नातवापेक्षा त्यांचा दगड नेमका बसतो, असेच बहुधा दिसून येते.

उन्हाच्या वेळी बैठे खेळ. सागरगोट्यांना या भागात गजगे म्हणतात. कन्नडातही त्या बीला गज्जुग असेच नाव आहे. पटाचा खेळ तर जमिनीवर कोळशाने आखता येतो: पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे, चार बाजूंची मधली घरे व केंद्रस्थान यांवर फुल्या. कवड्या नसल्यास चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करावेत. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, एरवी जितके पांढरे तितके दान. सोंगट्यांच्या जागी खडे, दाणे, बांगडीचे तुकडे काहीही चालते. मराठीत हा चल्लस-आठ, कन्नडात चौकाबारा. नियमांत गावोगाव थोडा फरक असतो, म्हणून तो आरंभीच ठरवून घ्यावा.

सीमाभागातील मुक्कामाचा एक विशेष असा की, शेजारच्या ताडपत्रीखालील कुटुंब धारवाडकडचे अथवा गदगकडचे, केवळ कन्नड बोलणारे असू शकते. निपाणी 1956 पर्यंत मुंबई राज्यात होती, त्यानंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आली; तेथील पुष्कळ मुलांना दोन्ही भाषा कानावरून ठाऊक असतात, कोल्हापूरकडच्या मुलांना तितक्या नसतात. गाण्यांच्या भेंड्या लावल्या की शेजारची मुले नुसती पाहत राहतात. लगोरीला मात्र भाषा लागत नाही, नावही दोन्हीकडे तेच.

विटीदांडूतील मोजणी या बाबतीत मोठी उद्बोधक आहे. वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द महाराष्ट्रातील मुले पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आली आहेत. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु. आणि कन्नडात चार म्हणजे नाल्कु. शाळेत कधीही न शिकविलेले हे आकडे खेळाबरोबर आले व राहिले. शिक्षक बरोबर असल्यास हा मजकूर त्यांनी मुलांना जरूर सांगावा.

त्याच आधारावर चांदण्यात घेण्याजोगा एक सोपा खेळ बसविता येतो. सर्वांनी वर्तुळात फिरावे. मध्यभागी उभ्या असलेल्याने मराठीत अथवा कन्नडात एखादा आकडा पुकारावा. ‘मूरु’ म्हटले की तिघातिघांनी, ‘पाच’ म्हटले की पाचापाचांनी हात धरावयाचे. उरतील ते बाद. एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु एवढे पाच शब्द पुरेत. न समजलेला आकडा शेजाऱ्याने कानात सांगण्यास मुभा असावी. मार्गशीर्षात दहिवर लवकर पडते, तेव्हा लहान मुलांच्या कानाला टापशी बांधूनच त्यांना खेळावयास सोडावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाची रांग धरावयाची असल्यास नऊच्या आत डाव मोडावा.