उणे 196 अंशांवरची चाळणी

मोबाइलच्या टॉवरवर एकाच वेळी असंख्य लहरी येऊन आदळतात. त्यांतल्या आपल्या तेवढ्या घ्यायच्या आणि शेजारच्या बाहेर ठेवायच्या, हे फिल्टरचं काम. चाळणी बारीक करावी, तर दुरून आलेला क्षीण संदेश तिच्यातच आणखी क्षीण होतो. तांब्याचा रोध त्याची ऊर्जा खातो. हा रोध जवळजवळ नाहीसा करायचा ध्यास घेतलेल्या कंपन्यांपैकी एक म्हणजे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात सुरू झालेली 'सुपरकंडक्टर टेक्नॉलॉजीज'.

त्याच वर्षी माव-कुएन वू आणि पॉल चू यांच्या गटांनी इट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं काळं ऑक्साइड 93 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे दाखवलं. नायट्रोजन 77 केल्विनला, म्हणजे उणे 196 अंश सेल्सियसला द्रवरूप होतो. त्यामुळे ते थंड करायला महागड्या द्रव हेलियमची गरज उरली नाही. पण हा पदार्थ मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ. शिवाय त्याचे स्फटिककण एकमेकांशी तिरके बसले, की सांध्यांवर प्रवाह अडखळतो. म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या स्फटिकाच्या चकतीवर, तिच्याच ठेवणीला धरून थर वाढवावा लागतो. जाडी एका मायक्रॉनहून कमी.

या साऱ्यात मला सगळ्यांत देखणी वाटते ती भट्टी. धातूंची वाफ चकतीवर बसायला निर्वात पोकळी लागते आणि ऑक्साइड व्हायला प्राणवायू. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. म्युनिकजवळच्या गार्खिंगमधल्या संशोधकांनी चकत्या तापलेल्या फिरत्या तबकडीवर ठेवल्या. प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला धातू मिळतो, दुसऱ्या बाजूला जेमतेम फट ठेवलेल्या कप्प्यात प्राणवायू. जात्यासारखी गरगरणारी ही तबकडी अमेरिकेतल्या उत्पादकांनीही स्वीकारली. थर निवतानाही त्यात प्राणवायू मुरावा लागतो. तो फार कमी पडला, तर तेच ऑक्साइड विद्युतरोधक होऊन बसतं.

सूक्ष्मलहरींना अतिवाहकाचाही रोध अगदी शून्य नसतो. मोबाइलच्या लहरींपुरता मात्र तो तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. उरला प्रश्न थंडीचा. आडरानातल्या टॉवरवर द्रव नायट्रोजन कोण भरत बसणार! हेलियम वायूवर चालणारं छोटं स्टर्लिंग शीतकयंत्र फिल्टरसोबत एकाच पेटीत बसलं, तेव्हाच हा थर प्रयोगशाळेबाहेर पडला. माझ्या मते थराइतकंच श्रेय या यंत्राचं आहे.

अमेरिकेत असे हजारो संच बसले, दूरच्या फोनचे आवाज ऐकू येऊ लागले. पण मोठी गिऱ्हाइकं मोजकीच राहिली आणि नफा कधी टिकला नाही. पुढे 'सुपरकंडक्टर टेक्नॉलॉजीज' अतिवाहक तारांकडे वळली. 2021 मध्ये ज्येष्ठांच्या देखभालीच्या व्यवसायातल्या कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं आणि नाव पडलं 'क्लिअरडे'.