आजीचा आवाज आणि मोबाइलमधली ट्यूब

मागच्या भागात आपण मोबाइलवर आवाज स्वच्छ कसा रेकॉर्ड करायचा ते पाहिलं होतं. आज त्याच्या पुढची पायरी पाहू. रेकॉर्ड केलेला आवाज बारीक, पातळ वाटला तर त्याला भरदारपणा आणणारी काही अ‍ॅप असतात. त्यात ‘ट्यूब सॅच्युरेशन’ नावाचा एक परिणाम असतो. तो म्हणजे काय, त्याने नेमकं काय होतं आणि तो किती वापरायचा, हे आज बोलू. हा विषय घ्यायला आमच्याच हातून झालेली एक चूक कारण आहे. ती आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका बाईंच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांच्या घरी जाऊन सहा ओव्या मोबाइलवर घेतल्या. घरी येऊन ऐकल्या तर आवाज लांबून आल्यासारखा वाटला. आमच्यातल्या बारावीतल्या मुलीने अ‍ॅपमध्ये ‘ट्यूब’ शोधली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं बटण जवळजवळ पूर्ण फिरवलं. मोबाइलच्या स्पीकरवर आवाज असा खणखणीत आला की आम्ही खूश! त्याच नावाने फाइल जतन केली. कार्यक्रम लागला.

दुसऱ्या दिवशी आजींच्या लेकीचा सासरहून फोन आला. म्हणाल्या, “मोठा होता गं आवाज, पण आई अशी गात नाही. घसा बसल्यासारखी वाटली.” आम्ही हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खरंच, प्रत्येक उंच सुराला खरखर होती. मूळ रेकॉर्डिंग शोधायला गेलो, तर त्याच्यावरच नवं जतन केलेलं. पुन्हा आजींकडे गेलो. त्यांनी न कुरकुरता चार ओव्या पुन्हा म्हटल्या. दोन काही केल्या आठवेनात.

ट्यूब म्हणजे कुठली?

ट्यूब म्हटलं की आपल्याला सायकलची नाहीतर घरातली ट्यूबलाइट आठवते. ही तिसरीच. जुन्या रेडिओत काचेचे लहान दिवे असायचे, त्यांना आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणत. तो रेडिओ लावला की लगेच वाजत नसे, आधी तापायचा. तेच व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूब.

१९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी असा पहिला दिवा केला. त्यानंतर १९०६-०७ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग घातला, एक बारीक जाळी. त्या जाळीमुळे लहान आवाज मोठा करता येऊ लागला. २३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा रेडिओसाठी हेच व्हॉल्व्ह वापरले जात होते. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढे हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडले.

काम कसं चालतं? पाटाच्या पाण्याचं दार डोळ्यांपुढे आणा. दार हाताने थोडंसंच हलवायचं, पण त्याच्या जोरावर पाण्याचा मोठा लोट कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमधली जाळी म्हणजे ते दार. माइकमधून आलेली बारीक वीज जाळीला हलवते आणि दुसरीकडून तशाच चढउताराची मोठी वीज निघते.

पण दार पूर्ण उघडलं तरी पाटात मावेल तेवढंच पाणी वाहणार. साखरेच्या पाकाचंही तसंच. साखर घालत गेलो की एक वेळ येते, त्यापुढे ती विरघळत नाही. शाळेत याला संपृक्त द्रावण म्हणायचे. इंग्रजीत संपृक्त होणं म्हणजेच सॅच्युरेशन. व्हॉल्व्हला झेपेल त्याच्यापेक्षा मोठा आवाज दिला की तो असा संपृक्त होतो.

मग आवाज भरदार का वाटतो?

आवाज म्हणजे लाट. ती वर जाते, खाली येते. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मर्यादेबाहेर गेला तर लाटेचा माथा विळ्याने कापल्यासारखा सपाट होतो. कानाला ते फाटल्यासारखं लागतं. व्हॉल्व्हमध्ये माथा एकदम कापला जात नाही, आधी हळूहळू दबतो, गोल होतो.

लाटेचा आकार बदलला की मूळ सुराबरोबर नवे सूर तयार होतात. समजा एखादीचा सा सेकंदाला २०० कंपनांचा आहे. आकार बदलल्यावर त्यात ४००, ६००, ८०० कंपनांचे बारीक सूर मिसळतात. भजनी मंडळातल्या बायांना हे लगेच कळेल. ४०० म्हणजे वरचा सा. ६०० म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. ८०० म्हणजे त्याच्याही वरचा सा. तंबोऱ्याची एक तार छेडली तरी आत असे अनेक सूर ऐकू येतात. मूळ सुराशी त्यांचं जमतं, म्हणून थोड्या प्रमाणात ते वेगळे कळत नाहीत. आवाज भरला आहे, एवढंच वाटतं. शिवाय मोठे माथे दबल्यामुळे हळू म्हटलेले शब्द आणि जोरात म्हटलेले शब्द जवळ येतात.

आणखी एक फायदा आपल्या कामाचा आहे. आपला कार्यक्रम पुष्कळ जणी मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकतात. त्यातून खालचे सूर नीट निघतच नाहीत. जात्याची घरघर, मृदंगाच्या धुमाची बाजू, हे तिथे हरवतं. पण त्या खालच्या सुराचे दुप्पट, तिप्पट कंपनांचे सोबती आवाजात असतील तर स्पीकर ते वाजवतो आणि मूळ खालचा सूर आपला मेंदू स्वतःच जोडून घेतो. म्हणून जात्याच्या आवाजाला थोडं सॅच्युरेशन दिलं की छोट्या स्पीकरवरही जातं फिरताना जाणवतं.

अ‍ॅपमध्ये काय दिसतं?

मोबाइलमध्ये अर्थातच काचेचा दिवा नसतो. दिवा लाटेचा आकार कसा बदलतो, त्याचं गणित अ‍ॅप करतं.

बँडलॅब, एफएल स्टुडिओ मोबाइल, ऑडिओ इव्होल्युशन मोबाइल ही गाणं तयार करायची अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतात. गॅरेजबँड फक्त आयफोन-आयपॅडवर. आयफोनवर परिणामाचं वेगळं अ‍ॅप घेऊन ते गॅरेजबँडमध्ये जोडता येतं. आयपॅडवर फॅबफिल्टर कंपनीचं सॅटर्न २ हे असंच एक, पण ते विकत घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा त्याच अ‍ॅपच्या आत असलेले परिणाम वापरायचे असतात. यादीत ट्यूब, सॅच्युरेशन, ड्राइव्ह किंवा वॉर्म असे शब्द शोधा. आमचं म्हणणं, सुरुवातीला पैसे घालू नका. फुकट आहे त्यावर हात बसवा.

बटणं साधारण चार असतात. ड्राइव्ह म्हणजे व्हॉल्व्हला किती जोराने आवाज द्यायचा. मिक्स म्हणजे मूळ आवाज किती आणि बदललेला किती. टोन म्हणजे तीक्ष्णपणा कमीजास्त. आउटपुट म्हणजे शेवटी बाहेर पडणारा आवाज केवढा.

आम्ही फसलो ते आउटपुटमुळे. ड्राइव्ह वाढवला की आवाज मोठाही होतो, आणि मोठा आवाज आपल्या कानाला बहुतेक वेळा चांगला वाटतो. म्हणून ड्राइव्ह वाढवल्यावर आउटपुट तेवढंच कमी करा. परिणाम बंद आणि चालू करून दोन्ही आवाज सारख्याच उंचीचे आहेत ना ते बघा. मगच ठरवा, चांगला कोणता.

आता आम्ही कसं करतो

पहिली गोष्ट, मूळ फाइलला हात लावत नाही. तिची एक प्रत मेमरी कार्डवर आणि एक गटाच्या दुसऱ्या बाईच्या मोबाइलमध्ये ठेवतो. बदल करायचे ते प्रतीवर, आणि तिला नवं नाव. स्वयंपाकात मीठ वाढवता येतं, काढता येत नाही. इथेही तसंच आहे. एकदा गोल केलेला माथा परत पहिल्यासारखा होत नाही.

दुसरी, रेकॉर्डिंगच नीट करतो. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, खोलीत गोधड्या टांगलेल्या, मोबाइल तोंडापासून दीड वितीवर आणि जरा बाजूला. सॅच्युरेशनने हळू आवाज वर येतात, त्यात पंख्याची घुरघुर आणि रातकिडेही येतात. आणि आधीच फाटलेला आवाज ट्यूबने सांधला जात नाही.

तिसरी, क्रम पाळतो. आधी नको असलेली घुरघुर कमी करायची, मग सॅच्युरेशन, सगळ्यात शेवटी एकूण आवाज वाढवायचा.

चौथी, ड्राइव्ह खरखर ऐकू येईपर्यंत वाढवतो, मग खरखर जाईपर्यंत मागे आणतो, आणि त्याहून थोडं आणखी मागे. एकट्या बाईच्या आवाजाला एवढं पुरतं. हे हेडफोनवर ऐकायचं, मग मोबाइलच्या स्पीकरवर, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा.

पाचवी, चारपाच जणी एकाच मोबाइलवर एकत्र गायल्या असतील तर हात आणखी आखडता घेतो. अनेक सूर एकदम ट्यूबमध्ये गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर तयार होतात आणि गाणं चिखल झाल्यासारखं ऐकू येतं. आवाज आणि जातं वेगवेगळं रेकॉर्ड केलं असेल तर प्रत्येकाला वेगळा परिणाम द्यावा.

ज्यांचा आवाज, त्यांना आधी

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव ओवीबरोबर नोंदलं गेलं. आपणही हे करू शकतो. नाव, गाव, तारीख फाइलला द्यायची. काही अ‍ॅप गाणं जतन करताना ‘सार्वजनिक’ की ‘खासगी’ असं विचारतात. गाणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय सार्वजनिक करू नका. आणि आवाज रेकॉर्ड करायला माइकची परवानगी लागते, तुमच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर कशाला लागतील? मागितले तर नाही म्हणा.

त्या चार ओव्या आम्ही नव्याने तयार केल्या, ड्राइव्ह अगदी थोडा ठेवून. या वेळी कार्यक्रमाआधी आजींना आणि फोनवरून लेकीला ऐकवल्या. लेक म्हणाल्या, “हां, ही आई.” आजी म्हणाल्या, “जातं जरा मोठं करा, माझं राहू द्या तसंच.” आम्ही तसं केलं.

राहिलेल्या दोन ओव्यांतल्या पहिल्या ओळी आजींना अधूनमधून आठवतात. सूनबाई त्या वहीत लिहून ठेवतात. तुमच्याही घरी कुणी ओव्या म्हणत असेल तर या आठवड्यातच मोबाइल घेऊन बसा. ट्यूब नंतर बघता येईल. पुढच्या भागात दोन वेगवेगळ्या फाइली जोडून एक कार्यक्रम कसा करायचा ते पाहू. तोपर्यंत नमस्कार.