शिक्षेआधीची सोबत : डॉन बॉस्को यांच्या घराचा धडा

गोव्यात ‘डॉन बॉस्को’ हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळा येते किंवा संध्याकाळच्या वेळी मुलांनी गजबजलेले फुटबॉलचे मैदान येते. या परंपरेतील सालेसियन धर्मगुरू १९४६ साली पणजीत आले आणि हे नाव गोमंतकीयांच्या परिचयाचे झाले. परंतु या नावामागील कार्याचा आरंभ शाळेपासून झाला नव्हता. तुरुंगात पाहिलेल्या दृश्यातून त्याची प्रेरणा मिळाली आणि एका स्वयंपाकघरात त्याचे घर झाले. वाट चुकलेल्या तरुणाला सावरायचे कसे, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांना छळत असताना ती हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतातील एका खेड्यात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोच वडील वारले. आई मार्गारिता हिने शेतात राबून मुले वाढविली. शिक्षण घेताना बॉस्को यांना शिंप्याकडे, लोहाराकडे आणि उपाहारगृहात काम करावे लागले. १८४१ साली तुरीन शहरात त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. तुरीन तेव्हा झपाट्याने वाढत होते. कामाच्या शोधात खेड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली राबत, धुराडी साफ करीत आणि काम नसेल तेव्हा रस्त्यावर भटकत.

फादर काफासो या आपल्या ज्येष्ठ मार्गदर्शकांसोबत बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, चलाख मुले रिकामी बसलेली त्यांना दिसली. त्याहून एका गोष्टीने ते अधिक अस्वस्थ झाले. सुधारण्याचा निश्चय करून बाहेर पडलेली कित्येक मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत होती. बाहेर त्यांची वाट पाहणारे, विचारपूस करणारे कोणीच नव्हते. या मुलांना बाहेर एखादा स्नेही मिळाला असता तर ती परतली असती का, या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली.

८ डिसेंबर १८४१ रोजी, म्हणजे पणजीच्या चर्चचे फेस्त ज्या तारखेला असते त्याच तारखेला, तुरीनच्या एका चर्चमध्ये बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा अनाथ मुलगा शिरला. मिस्सेला साहाय्य करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. बॉस्को यांनी तो आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावून घेतले. वस्तुतः ते त्याला त्यापूर्वी कधी भेटलेही नव्हते. दोष काढण्याआधी नाते जोडायचे, ही त्यांच्या पद्धतीची पहिली पायरी त्या दिवशी पडली. पुढे दर रविवारी अशी मुले जमू लागली. गलबल्याला कंटाळून लोक त्यांना जागा नाकारीत. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागातील एक शेड भाड्याने मिळाली.

बेघर मुलांना रात्रीचा आसरा देण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. गवताच्या माळ्यावर झोपायला दिलेल्या मुलांपैकी काहींनी चादरी आणि घोंगड्याच पळविल्या. त्यानंतर मे १८४७ मधील एका पावसाळी संध्याकाळी चिंब भिजलेला पंधरा वर्षांचा एक अनाथ दारात उभा राहिला. तोवर मार्गारिता मुलाच्या मदतीला वाल्दोक्कोत येऊन राहिली होती. तिने विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण केले, झोपण्यापूर्वी श्रम, सचोटी आणि श्रद्धा यांविषयी चार शब्द सांगितले आणि भांडी सुरक्षित राहावीत म्हणून दाराला कुलूपही लावले. माया होती, पण ती भाबडी नव्हती. सालेसियन संस्थांत रात्री मुलांना चार आपुलकीचे शब्द सांगण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ त्या रात्रीत असल्याचे मानले जाते.

घरात घेतले म्हणजे काम संपले, असे बॉस्को यांनी मानले नाही. तरुणाच्या हाताला कसब आणि कसबाला मान हवा, हे ते स्वानुभवाने जाणत होते. मुलाला उस्तादाकडे पाठविताना ते मुद्रांकित कागदावर रीतसर करार करीत. १८५२ मधील सुतारकामाच्या अशा एका करारात, मुलाला हुन्नर शिकवावा, त्याला घरगड्यासारखे राबवू नये आणि चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये, अशा अटी घातलेल्या आढळतात. १८५३ पासून वाल्दोक्कोतच चर्मकाम आणि शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि मुद्रण यांचे कारखाने उभे राहिले.

या अनुभवांचे सार त्यांनी १८७७ साली मांडले. ते ‘प्रतिबंधक पद्धती’ या नावाने ओळखले जाते. नियम सांगून दूर उभे राहायचे आणि मोडला की शिक्षा करायची, हा एक मार्ग. मुलांमध्ये वावरून, चूक घडण्याआधीच तिची वाट अडवायची, हा दुसरा. त्यांनी दुसरा निवडला आणि त्याला तीन आधार दिले : विवेक, धर्म आणि वात्सल्य. विवेक म्हणजे नियमामागचे कारण मुलाला पटवणे. धर्म म्हणजे प्रार्थना, मिस्सा आणि पापनिवेदन. बॉस्को यांच्या घराचा तो कणाच होता. वात्सल्य म्हणजे केवळ मनात बाळगलेली नव्हे, तर वागण्यातून दिसणारी माया. मारहाण वर्ज्य होती आणि चारचौघांत अपमान करणे टाळले जाई.

मिकेले मागोने याचे उदाहरण बोलके आहे. १८५७ मध्ये एका रेल्वेस्थानकावर तो मुलांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून बॉस्को यांना भेटला. वय तेरा, वडील नाहीत, शाळेतून काढून टाकलेला. वाल्दोक्कोत आल्यावर त्याच्यामागे पहारेकरी लावला नाही. एक समंजस सोबती जोडून दिला. मैदानावरचा त्याचा धिंगाणाही बंद केला नाही. महिनाभराने तो आपणहून अंतर्मुख झाला. त्याच्यातील पुढारीपण दडपले गेले नाही, त्याला दिशा मिळाली. दुर्दैवाने १८५९ च्या आरंभीच आजाराने त्याचे निधन झाले. बॉस्को यांनी त्याचे चरित्र लिहिले.

ही पद्धती आपोआप टिकणारी नव्हती, याची जाणीव खुद्द बॉस्को यांना होती. मे १८८४ मध्ये रोमहून वाल्दोक्कोला लिहिलेल्या पत्रात त्यांनी खंत व्यक्त केली : शिक्षक मैदानातून बाजूला झाले, आपापसांत गप्पा मारू लागले आणि मुलांची मने मिटली. मुलांवर माया असणे पुरेसे नाही, ती मुलांना जाणवली पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. चार वर्षांनी, ३१ जानेवारी १८८८ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

आपल्याकडील बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्येही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्यांसाठी एकवीस वर्षांपर्यंत पश्चात देखभालीची तरतूद आहे. मात्र कायदा निवारा आणि निधी देऊ शकतो. दारात वाट पाहणारे माणूस देऊ शकत नाही. ते घराने, शेजाराने, वाड्यावरच्या क्रीडामंडळाने, मंदिराने आणि चर्चने द्यायचे असते. मुलगा बिघडल्यावर त्याला कोणती शिक्षा करावी, यावर आपण पुष्कळ बोलतो. त्याच्या संध्याकाळी कोणाच्या सहवासात जातात, हे आधी विचारले, तर पुष्कळदा शिक्षेची वेळच येणार नाही.