सम्यक स्मृती आणि विद्यार्थ्यांचा ताण

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या मनावरील ताणाला उपाय म्हणून 'माइंडफुलनेस' हा शब्द आता महाविद्यालयीन शिबिरांतून ऐकू येतो. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पालीतील 'सती'चे ते इंग्रजी भाषांतर; अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृती म्हणजे मनाची अखंड जागृती, असा अर्थ सांगितला आहे.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी या साधनेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. पुढे केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर असा आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शिक्षण घेतलेल्यांना परीक्षेच्या काळात मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झाला.

हे घडते कसे? परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक समोर असते. मन मात्र 'नापास झालो तर घरी काय सांगू?' यात गुंतलेले असते. शरीर त्या विचारालाच संकट समजते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. आनापानसतीत ताठ बसून येणाजाणारा श्वास फक्त पाहायचा. विचार आला की हा विचार आहे एवढे ओळखायचे, त्याच्याशी भांडायचे नाही आणि पुन्हा श्वासाकडे यायचे. रोज दहा मिनिटे केले तरी हळूहळू उमगते, की 'मला काही येत नाही' हा मनात आलेला विचार आहे, आपल्यावरचा निकाल नव्हे.

पण दलित विद्यार्थ्याचा सगळा ताण मनात जन्मत नाही. शिष्यवृत्ती रखडते, आडनाव विचारले जाते, मार्गदर्शक टाळतो. दिल्लीच्या 'एम्स'मधील जातिभेदाची नोंद थोरात समितीने २००७ मध्ये केली. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. अशा ठिकाणी 'श्वास पाहा' एवढेच सांगणे म्हणजे अन्यायाचा दोष अन्याय सोसणाऱ्याच्या माथी मारणे होय.

'सती' या शब्दात स्मरणही आहे, हे म्हणूनच विसरता कामा नये. जागृत मन दोन गोष्टी वेगळ्या करते: मनाने वाढवलेली भीती आणि बाहेरून झालेला आघात. पहिली श्वासाने शमते. दुसऱ्याची तारीख, वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, मित्रांना सांगावेत, तक्रार करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली, ती अशा नोंदींच्या बळावरच वापरता येते.

झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र एकट्याने डोळे मिटून बसू नये. जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला गाठावे. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर सरकारी मदत विनामूल्य मिळते. मदत मागणे हेही जागृतीचेच लक्षण आहे.